उद्योगधंद्यातील विश्वस्तधर्म

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संस्थेच्या वार्षिक संमेलनात चार शब्द बोलण्याचा मान चिटणीसांनी मला दिला, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. विषय मात्र त्यांनी असा नेमून दिला आहे की, तो वाचून आपणांपैकी कित्येकांच्या कपाळी आठी पडली असेल. उद्योगधंद्यातील नीती हा विषय एखाद्या कारखानदाराने, वकिलाने किंवा हिशेब-तपासनिसाने मांडावा. जुनी अकरावी मॅट्रिक झालेल्या निवृत्त शाळामास्तराने त्यावर काय सांगावे? परंतु मुलांस भागीदारीची व व्याजाची उदाहरणे शिकविण्यात उभा जन्म गेल्यामुळे एक गोष्ट माझ्या ध्यानात राहिली आहे. मुलांचे गणित बहुधा मोठ्या गुणाकारात चुकत नाही. हातचा घ्यावयाचा राहतो, तेथे चुकते. मोठमोठ्या कंपन्यांत जे अनर्थ घडले, त्यांचे मूळही पुष्कळदा अशाच लहान जागी सापडते. आणि लहान जागा दाखवून देणे हे तर मास्तराचे कामच होय.

शिवाय हा विषय आपल्या उंबरठ्याबाहेरचा नाही. आपल्या ज्ञातीतील कित्येक तरुण कंपन्यांत नोकरीस आहेत, काहींनी लहानमोठे कारखाने काढले आहेत, आणि ज्यांचा धंद्याशी काडीचा संबंध नाही, अशा आपल्या मातोश्रींची आयुष्यभराची पुंजीदेखील कोणत्या ना कोणत्या बँकेत, पतसंस्थेत किंवा कंपनीच्या भागांत गुंतलेली असते. तेव्हा कंपनी कशी चालावी, हा प्रश्न आपल्या स्वयंपाकघरापर्यंत पोहोचलेला आहे.

पूर्वी पेठेतील दुकानांवर व पेढ्यांवर ‘अमुक आणि मंडळी’ अशी पाटी असे. धंद्याची कंपनी झाली म्हणजे त्यापुढे ‘मर्यादित’ हा शब्द येई. आज त्याच्या जागी ‘लिमिटेड’ असते. ‘मंडळी’ आणि ‘मर्यादित’ या दोन शब्दांचा अर्थ नीट लावला तर आजच्या विषयाचा बराचसा उलगडा होतो, असे मला वाटते.

‘मर्यादित’ हा शब्द आधी घेऊ. जुन्या भागीदारीत धंदा बुडाला तर भागीदाराचे घरदार, शेतीवाडी, सारेच कर्जापायी जाई. त्या भीतीने परक्याच्या धंद्यात कोणी पैसा घालीत नसे. इंग्लंडात १८५५ साली व आपल्या देशात १८५७ साली कायदा होऊन भागधारकाची देणेदारी त्याने घेतलेल्या भागांच्या रकमेपुरती मर्यादित करता येऊ लागली. या एका सुधारणेने केवढे काम केले पाहा. १९०७ साली टाटांच्या पोलाद कारखान्याचे भाग मुंबईत विक्रीस निघाले, तेव्हा सुमारे आठ हजार हिंदी लोकांनी तीन आठवड्यांत ते भांडवल उभे केले. धंदा बुडाला तरी आपले घर बुडणार नाही, हा धीर नसता तर इतक्या लोकांनी आपली बचत त्यात घातली नसती.

पण येथे हातचा घ्यावयाचा राहू नये. भागधारकाचे घर शाबूत राहिले म्हणून नुकसान हवेत विरत नाही. ते दुसऱ्या कोणाच्या तरी अंगावर पडते: ज्याचा पगार थकला त्या कामगाराच्या, ज्याचे बिल थकले त्या पुरवठादाराच्या, ज्याने कर्ज दिले त्या बँकेच्या आणि पर्यायाने तिच्या ठेवीदाराच्या, किंवा ज्याच्या विहिरीत कारखान्याचे पाणी उतरले त्या शेजाऱ्याच्या. म्हणजे मर्यादित देणेदारी ही समाजाने धंद्याला दिलेली सवलत आहे. सवलत देणाऱ्या समाजाला जाब विचारण्याचा हक्क त्या सवलतीतूनच प्राप्त होतो. मर्यादा घातली गेली ती देणेदारीला, कर्तव्याला नव्हे.

आता ‘मंडळी’ म्हणजे कोण, हे आपोआप स्पष्ट होते. केवळ मालक व भागधारक म्हणजे मंडळी नव्हे. ज्यांचे बरेवाईट त्या धंद्याशी बांधलेले आहे, ते सर्व त्या मंडळीत येतात. इंग्रजीत यांना हल्ली ‘स्टेकहोल्डर’ म्हणतात. आपण ‘हितसंबंधी’ म्हणू. कामगाराच्या पगारातून भविष्यनिर्वाह निधीची रक्कम कापून घ्यावयाची आणि ती निधीत भरावयाची नाही, असे करणारा मालक दुसऱ्याची ठेव खातो. लहान कारखानदाराकडून माल घेऊन त्याचे पैसे महिनोन्‌महिने अडकवून ठेवणारी बडी कंपनी त्याच्या भांडवलावर बिनव्याजी धंदा करते. २००६ सालच्या लघुउद्योगविषयक कायद्याने अशा नोंदणीकृत लहान पुरवठादाराचे पैसे पंचेचाळीस दिवसांच्या आत देण्याचे बंधन घातले आहे, हे आपल्या ज्ञातीतील लहान कारखानदारांनी ध्यानात ठेवावे. आणि ते स्वतः माल घेतात तेव्हाही विसरू नये!

अशा व्यापक अर्थाने मंडळी मानणारे उद्योजक आपल्याकडे झाले नाहीत, असे नाही. औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळरानावर १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी नांगरांचा कारखाना उभारला, तेव्हा त्याबरोबर कामगारांची वसाहतही वसविली. त्या वसाहतीचे पुढे किर्लोस्करवाडी हे गाव झाले. टाटांच्या पोलाद कारखान्यात १९१२ साली आठ तासांचा दिवस आणि १९२० साली भरपगारी रजा व भविष्यनिर्वाह निधी सुरू झाला. देशाच्या कायद्याने या गोष्टींची सक्ती केली ती त्यानंतर कित्येक वर्षांनी. आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास ठरविणारा कारखान्यांचा कायदा १९४८ सालचा, म्हणजे छत्तीस वर्षांनंतरचा होय.

त्याहून मला महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. १९७० साली जे. आर. डी. टाटा यांच्या कारकीर्दीत या कंपनीने आपल्या नियमावलीतच एक कलम घातले. ग्राहक, कामगार, भागधारक, समाज व आसपासचे रहिवासी यांच्याविषयी कंपनीची नैतिक जबाबदारी आहे, अशा आशयाचे ते कलम होते. इतक्यावर न थांबता, ती जबाबदारी आपण कितपत पार पाडली, हे तपासण्याकरिता १९८० च्या सुमारास बाहेरच्या माणसांची एक समिती नेमण्यात आली. मुंबई उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश कोतवाल तिचे अध्यक्ष होते. सत्कृत्य करणारे पुष्कळ असतात; आपले सत्कृत्य तपासावयास परक्याच्या हाती देणारे थोडे असतात.

याच्या उलट चित्रही पाहिले पाहिजे. १९८४ सालच्या डिसेंबरच्या दोन व तीन तारखांच्या दरम्यानच्या रात्री भोपाळ येथील युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला आणि हजारो माणसे प्राणास मुकली. त्या वायूने गेलेल्यांत कारखान्याच्या भिंतीलगतच्या वस्तीत राहणारे गोरगरीब पुष्कळ होते. त्यांनी कंपनीचा एकही भाग घेतलेला नव्हता, तिच्याशी कोणताही करार केलेला नव्हता. १९८९ साली सत्तेचाळीस कोटी डॉलरांवर तडजोड झाली. पण कारखान्याच्या आवारात साठलेला विषारी कचरा तेथून हलविला गेला तो २०२५ सालच्या जानेवारीत, म्हणजे चाळीस वर्षांनंतर. भिंतीपलीकडचा शेजारी हा मंडळीतला आहे की नाही, या प्रश्नाचे याहून दारुण उत्तर दुसरे नसेल.

यावर कोणी म्हणेल, “मास्तर, मालक चांगला असला म्हणजे झाले, संस्कार चांगले हवेत.” संस्कार हवेत यात शंका नाही, पण ज्यात हजारोंचा पैसा आहे, तो कारभार एका माणसाच्या संस्कारांवर सोडता येत नाही. हैदराबादच्या ‘सत्यम्’ या संगणक कंपनीचे उदाहरण मी यासाठीच थोडे विस्ताराने सांगतो.

ही कंपनी नावारूपाला आलेली होती. तिच्याकडे पन्नास हजारांहून अधिक सुशिक्षित तरुण नोकरीस होते. संचालक मंडळात नामांकित प्राध्यापक व निवृत्त वरिष्ठ अधिकारी होते. हिशेब-तपासनीस जगद्विख्यात पेढीचे होते. २००८ साली तर उत्तम कारभाराबद्दल तिला एक मानाचा पुरस्कारही मिळाला होता. त्याच वर्षी १६ डिसेंबर रोजी संचालक मंडळाने एक ठराव केला. अध्यक्षांच्या कुटुंबीयांच्या दोन कंपन्या सत्यम्‌च्या पैशाने, सुमारे एकशे साठ कोटी डॉलरांना, विकत घ्यावयाच्या, असा तो ठराव होता. भागधारकांनी इतका गहजब केला की, काही तासांतच तो मागे घ्यावा लागला. पुढे ७ जानेवारी २००९ रोजी अध्यक्ष रामलिंग राजू यांनी स्वतःच पत्र लिहून कबुली दिली. सप्टेंबर २००८ अखेरच्या ताळेबंदात रोकड व बँकशिल्लक मिळून ५,३६१ कोटी रुपये दाखविले होते. त्यांपैकी ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नव्हते! आदल्या दिवशी १७९ रुपयांच्या आसपास असलेला भागाचा भाव त्या दिवशी ४० रुपयांच्या आसपास आला. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, ही आपली म्हण या कंपनीइतकी क्वचितच कोणाला लागू पडली असेल.

हे झाले कसे? त्या पत्रातच उत्तर आहे. खरा नफा आणि दाखविलेला नफा यांत प्रथम थोडीशीच तफावत होती. ती झाकण्यासाठी पुढल्या खेपेस थोडी अधिक, मग आणखी अधिक, असे बुडत्याचा पाय खोलात गेला. आणि ते उघडकीस का आले नाही? बँकेत पैसे आहेत की नाहीत, हे पाहण्याचा उपाय अगदी सोपा आहे. तपासनिसाने कंपनीने पुढे केलेले कागद बाजूस ठेवून थेट बँकेला पत्र लिहावे व तिचे उत्तर परस्पर मागवावे. हा उपाय नेटाने योजला असता तर हजारो कोटींची खोटी शिल्लक वर्षानुवर्षे टिकलीच नसती. आपल्या वाण्याकडील उधारीची वही जुळविणारी गृहिणी हेच करते: त्याच्या वहीतला आकडा आणि आपल्या वहीतला आकडा ताडून पाहते. प्रतिष्ठित नावांच्या यादीपुढे हा साधा रिवाज फिका पडला. प्रत्येकाला वाटले की, दुसऱ्याने पाहिलेच असेल.

सुदैवाने सरकारने तत्काळ जुने संचालक मंडळ दूर करून नवे नेमले. त्या मंडळाने नोकरवर्ग व ग्राहक सांभाळून धरले, आणि एप्रिल २००९ मध्ये टेक महिंद्र या कंपनीने ती चालविण्यास घेतली. २०१५ साली विशेष न्यायालयाने राजू व इतर नऊ जणांना दोषी ठरवून सात वर्षांची शिक्षा दिली. त्यावर त्यांनी अपील केले.

या धड्यानंतर आपल्या देशात २०१३ सालचा नवा कंपनी कायदा आला. त्याच्या १६६व्या कलमात संचालकाची कर्तव्ये सांगितली आहेत. संचालकाने सद्भावनेने वागून कंपनीचे, तिच्या कामगारांचे, भागधारकांचे, समाजाचे व पर्यावरणाचे हित पाहावे, अशी त्यात आज्ञा आहे. म्हणजे आपण ज्याला ‘मंडळी’ म्हणालो, ती आता कायद्याने मानलेली आहे. शेअरबाजारात नोंदलेल्या कंपनीच्या संचालकांपैकी निदान एकतृतीयांश स्वतंत्र असावेत, त्यांत निदान एक स्त्री असावी, एकाच पेढीकडे सलग दहा वर्षांपेक्षा अधिक काळ तपासणीचे काम राहू नये, आणि गैरप्रकाराची खबर देणाऱ्या नोकरास संरक्षण मिळावे, असे नियम झाले. सेबी या नियामक मंडळाने २०२२-२३ या वर्षापासून पहिल्या एक हजार नोंदलेल्या कंपन्यांना कामगार, ग्राहक व पर्यावरण यांविषयीच्या जबाबदारीचा वार्षिक अहवाल देण्याची सक्ती केली.

याच कायद्यातील दोन टक्क्यांची तरतूद आपण ऐकली असेल. ठराविक मर्यादेपेक्षा मोठ्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यास खर्च करावेत, अशी ती आहे. त्यातून शाळांना बाके मिळाली, दवाखान्यांना यंत्रे मिळाली; हे स्वागतार्हच आहे. पण नदीत घाण सोडून काठावर बाग लावली तर नदी शुद्ध होत नाही. दोन टक्क्यांचे दान केले म्हणून उरलेले अठ्ठ्याण्णव टक्के कसे मिळविले, हा प्रश्न संपत नाही.

ज्ञातिबंधूंनो, येथवर मोठ्या कंपन्यांच्या गोष्टी झाल्या. आता घराजवळ येऊ. कारण जे मला मुख्यतः सांगावयाचे आहे, ते येथेच आहे.

२०१९ सालच्या सप्टेंबरात मुंबईच्या पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, आणि ठेवीदारांना आरंभी सहा महिन्यांत केवळ एक हजार रुपये काढता येतील, असे फर्मान निघाले. बँकेच्या कर्जांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक रक्कम एकाच बांधकाम-समूहाकडे गेली होती, आणि ती झाकण्यासाठी एकवीस हजारांवर बनावट खाती दाखविली होती, असे तपासात पुढे आले. २०२२ सालच्या जानेवारीत ती बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली. पण मोठ्या ठेवीदारांस उरलेल्या रकमेसाठी दहा वर्षांपर्यंतचे हप्ते लावून देण्यात आले. थेंबे थेंबे साचविलेले तळे असे एका दिवसात कुलूपबंद झाले. त्या रांगांत उभे होते ते तुमच्याआमच्यासारखे पेन्शनर आणि मुलीच्या लग्नासाठी पैसे ठेवलेले बाप.

सहकारी संस्थेत एका सभासदास एकच मत असते, मग त्याचे भाग कितीही असोत. म्हणजे तेथे सामान्य सभासदाचा अधिकार कंपनीपेक्षा अधिक आहे. तरीही तेथे अपहार होतात. माझ्या मते त्याचे एक कारण आपल्या स्वभावात आहे. आपण संस्थेचे चालक निवडतो ते ‘आपला माणूस’ म्हणून. कर्ज मंजूर होते ते ‘आपला माणूस’ म्हणून. जामीन राहतो तोही ‘आपला माणूस’ म्हणून. आणि मग हिशेब विचारावयाचा म्हटले की, जीभ अडखळते. काकांना कसे विचारावे? अमुक रावसाहेबांनी संस्थेसाठी चपला झिजविल्या, त्यांना पावती कशी मागावी? वार्षिक सभेत अहवाल वाचला गेला असे समजून मंजूर होतो, हिशेब टाळ्यांच्या गजरात संमत होतो, आणि मंडळी अल्पोपाहाराकडे वळतात.

ज्ञातिप्रेम ही मोठी शक्ती आहे. तिच्याच बळावर आपल्या पूर्वजांनी वसतिगृहे काढली, शिष्यवृत्त्या ठेवल्या, अडल्यानडल्यास मदत केली. पण जे प्रेम हिशेब विचारू देत नाही, ते संस्थेचा घात करते; आणि शेवटी त्या प्रामाणिक चालकाचाही करते. कारण संशयाची कुजबुज सुरू झाली, म्हणजे त्याच्याजवळ आपली सचोटी सिद्ध करण्यास तपासलेले कागद नसतात. हिशेब विचारणे हा अपमान नसून ते चालकाच्या अब्रूचे संरक्षण आहे. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण घरच्या अडचणीपुरती ठीक आहे. सार्वजनिक पैशाची मूठ उघडूनच दाखविली पाहिजे.

म्हणून आपणांस माझ्या चार विनंत्या आहेत.

पहिली, ज्यांच्याजवळ कंपन्यांचे भाग आहेत, त्यांनी वार्षिक अहवाल रद्दीत टाकू नये. सभेची सूचना निदान एकवीस दिवस आधी येते, आणि नोंदलेल्या कंपन्यांत आता घरबसल्या संगणकावरून मत देता येते. हिशेब-तपासनिसाचा अभिप्राय व संचालकांच्या नातलगांशी झालेले व्यवहार, एवढी दोन पाने तरी वाचावीत. घरातील कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींकडून ती समजावून घ्यावीत. त्यात कमीपणा नाही.

दुसरी, बँकेतील ठेवीस प्रत्येक ठेवीदारामागे पाच लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण फेब्रुवारी २०२० पासून आहे. परंतु पतसंस्थेतील ठेवीस हे संरक्षण नाही. कोणत्याही संस्थेच्या व्याजाचा दर पाहण्याआधी हा भेद पाहावा. सर्व पुंजी एके ठिकाणी ठेवू नये, ती जागा कितीही ‘आपली’ असली तरी.

तिसरी, ज्या बंधूंच्या पदरी चार माणसे कामास आहेत, त्यांनी पगाराची तारीख, निधीचा भरणा आणि कामाच्या जागेची सुरक्षितता या तीन गोष्टींत सवलत घेऊ नये. कारखाना लहान असला तरी धर्म तोच.

चौथी विनंती आपल्याच संस्थेविषयी. आपला निधी हा देणाऱ्यांचा आहे, घेणाऱ्या गरजू विद्यार्थ्यांचा आहे, आणि उद्या जन्मास येणाऱ्या ज्ञातिबालकांचाही आहे. कार्यकारी मंडळाने तपासलेला जमाखर्च सभेपूर्वी प्रत्येक सभासदाच्या घरी पोहोचेल अशी व्यवस्था करावी. बँकेची शिल्लक तपासनिसाने बँकेकडूनच परस्पर मागवावी. आणि ज्याच्या नातलगाच्या अर्जाचा विचार चालू असेल, त्या सभासदाने त्या वेळी बैठकीतून उठून जावे. आपल्या मंडळावर माझा पूर्ण विश्वास आहे. आणि तो विश्वास पुढील पिढीलाही वाटावा, म्हणूनच ही सूचना आजच्या सुदिनी करीत आहे. काही बिघडले म्हणजे नियम करणे हे आग लागल्यावर विहीर खणण्यासारखे होय.

महात्मा गांधींनी धनवंतांस विश्वस्त व्हावयास सांगितले. विश्वस्त म्हणजे दुसऱ्याची वस्तू आपली समजून जपणारा, पण आपली समजून न वापरणारा. हा धर्म कारखानदारापासून पतसंस्थेच्या कारकुनापर्यंत सर्वांस सारखाच लागू आहे. आणि जाब विचारणाऱ्या सभासदावाचून तो कोठेही फार काळ टिकलेला नाही.